सरकारजमा मिळकत कोणाची?



शाळामास्तरानें कायद्यावर भाषण करावें, हें थोडें धाडसाचेंच आहे. मी वकील नाहीं. मॅट्रिकची परीक्षा उतरलों, आणि पुढें पस्तीस वर्षें मुलांना गणित व मराठी हे विषय शिकविले, एवढीच माझी विद्या. परंतु सात-आठ वर्षांपूर्वीं आमच्या आळींत एक प्रकार घडला, आणि त्यांतून निघालेल्या एका प्रश्नानें अजून माझी पाठ सोडलेली नाहीं. माणसें फसवून, विकून, कोंडून ठेवून जो पैसा मिळवितात, तो सरकारनें हिरावून घेतल्यावर कोणाचा होतो? या प्रश्नाच्या मागें लागून जें कांहीं वाचलें व जाणत्यांकडून समजून घेतलें, तें आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

प्रथम आळींतील हकीकत. आमच्या घरासमोर एका कारकुनाच्या विधवा पत्नी राहतात. सगळी आळी त्यांना काकू म्हणते, मीहि म्हणतों. वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या भाड्यावर त्यांचा चरितार्थ चाले. एके दिवशीं एक दलाल आला. चालू दराच्या दुप्पट भाडें, तेंहि सहा महिन्यांचें आगाऊ व रोख. अट एवढीच, कीं मालकिणीनें वारंवार वर येऊं नये. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु पिकला होता आणि शस्त्रक्रियेस पैसे हवे होते. त्यांनीं पैसे घेतले. भाडेपत्र नोंदण्याचें राहून गेलें. चार महिन्यांनीं एका रात्रीं पोलिसांची गाडी आली. वरून चार मुली खालीं आणल्या. त्यांतील सर्वांत धाकटी माझ्या सातवीच्या वर्गांत शोभली असती. आम्ही सर्व आपापल्या खिडक्यांतून पाहत होतों. चार महिने आम्ही त्याच खिडक्यांत बसत होतों, हें मला त्या रात्रीं आठवलें.

आठवड्याभरानें काकूंच्या हातीं मॅजिस्ट्रेटची नोटीस पडली. ती घेऊन त्या माझ्याकडे आल्या व म्हणाल्या, "मास्तर, खोल्या जाणार का हो?"

आतां खोल्यांचा कायदा काय आहे तो पाहूं. माणसांच्या व्यापारास आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानेंच बंदी आहे. वेश्याव्यवसायासाठीं चालणाऱ्या व्यापाराविषयीं न्यूयॉर्क येथें एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावर ९ मे १९५० रोजीं भारतानें सही केली, व त्या करारास अनुसरून १९५६ सालीं कायदा झाला. १९८६ सालच्या दुरुस्तीनंतर त्यास अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा म्हणतात. कुंटणखाना चालविणाऱ्यास तर त्यांत शिक्षा आहेच, परंतु जाणूनबुजून जागा देणाऱ्या घरमालकासहि आहे. आणि 'मला ठाऊक नव्हतें' या सबबीवर कायद्यानें एक मोठी मौजेची तोड काढली आहे. अमुक जागेंत झडती होऊन तेथें असा धंदा आढळला अशी बातमी मालक राहतो त्या भागांत खपणाऱ्या वर्तमानपत्रांत छापून आली, अथवा झडतींत सांपडलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत मालकास मिळाली, कीं तेथून पुढें मालकास तें ठाऊक आहे असेंच गृहीत धरलें जातें. ठाऊक नव्हतें हें त्यानें सिद्ध करावयाचें. सुशिक्षित मनुष्य रोज वर्तमानपत्र वाचतो अशी कायद्याची आपल्याविषयीं समजूत आहे. ती खोटी ठरवूं नये.

त्याच कायद्याच्या १८ व्या कलमांत जागा बंद करण्याची तजवीज आहे. शाळा, देऊळ, इस्पितळ, वसतिगृह अशा सार्वजनिक ठिकाणापासून २०० मीटरांच्या आंत असा धंदा चालत असल्याचें मॅजिस्ट्रेटास कळलें, तर तो मालक व भाडेकरू यांस सात दिवसांची नोटीस देतो. म्हणणें ऐकल्यावर खात्री झाली, तर पुढील सात दिवसांत जागा रिकामी करण्याचा हुकूम होतो, आणि नंतर एक वर्षपर्यंत मॅजिस्ट्रेटाच्या संमतीशिवाय ती जागा पुन्हां भाड्यानें देतां येत नाहीं. तेथें अल्पवयीन मूल सांपडलें असेल तर ही मुदत तीन वर्षांची. मालक निर्दोष आहे असें दिसलें, तर मॅजिस्ट्रेट जागा त्यास परत करूं शकतो. मात्र त्या भाडेकरूस ती पुन्हां द्यावयाची नाहीं.

आमची शाळा त्या घरापासून हांकेच्या अंतरावर. म्हणून ही नोटीस. काकूंबरोबर मी गेलों, त्यांचे डोळ्यांचे कागद दाखविले, आणि खोल्या त्यांच्याकडे राहिल्या. प्रकरण संपलें असें मला वाटलें. परंतु महिन्याभरानें त्या पुन्हां आल्या, नवा चष्मा लावून. म्हणाल्या, "मास्तर, त्या भाड्याच्या पैशांनीं मला दिसूं लागलें. ते पैसे कोणाचे हो? त्या मुलींचेच ना?" मी निरुत्तर झालों. नोटीशींत खोल्यांची लांबी-रुंदी होती, चतुःसीमा होती. पैशांविषयीं मात्र अक्षर नव्हतें. १९५६ सालचा कायदा भिंतींपर्यंत पोहोंचतो, तिजोरीपर्यंत नाहीं.

येथें थोडा शब्दांचा विचार करूं. मास्तराची ही खोड आपण क्षमा कराल. टांच, जप्ती आणि सरकारजमा हे तीन शब्द वर्तमानपत्रांत एकमेकांच्या जागीं सर्रास येतात, पण ते एक नव्हेत. टांच आणणें म्हणजे मालकी मालकाचीच, परंतु विकावयास, गहाण टाकावयास किंवा दुसऱ्याच्या नांवें करावयास बंदी. जप्ती म्हणजे वस्तूचा ताबा सरकारनें घेणें. सरकारजमा म्हणजे मालकीच गेली. पहिल्या दोन गोष्टी तपास चालूं असतांना होतात. तिसरी न्यायालयाच्या निर्णयावांचून होत नाहीं. तेव्हां एखाद्याच्या बंगल्यावर टांच आली असें वाचून तो बंगला सरकारचा झाला असें समजूं नये. ती केवळ दाराला घातलेली कडी आहे.

परंतु मिळकतीच्या मागें लागावयाचें तरी कां? गुन्हेगार तुरुंगांत घातला म्हणजे पुरे नाहीं काय? भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमाखालीं माणसांच्या व्यापारास सात ते दहा वर्षांची, आणि बालकाच्या बाबतींत दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शिक्षा कमी नाहीं. तथापि हा धंदा रागाच्या भरांत होणाऱ्या गुन्ह्यांसारखा नसून तो पेढीसारखा चालतो. मुनीम तुरुंगांत गेला तरी गादी चालूंच राहते. गांवोगांवचे दलाल, मुलींना आणणारे, कोंडणारे, हे नोकर होत. भांडवल भलत्याच्या नांवावर, बहुधा बायकामुलांच्या किंवा मेहुण्याच्या, सुखानें वाढत असतें. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें सक्तीच्या श्रमांतून जगांत दरवर्षीं २३६ अब्ज डॉलर बेकायदा नफा निघतो, आणि त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश नफा देहविक्रयाच्या सक्तींतला आहे. एवढ्या नफ्यापुढें दोन-चार नोकर तुरुंगांत गेल्याचा खर्च पेढीला सहज सोसतो.

काकूंनीं विचारलेला प्रश्न वास्तविक जुना आहे. दोनशें वर्षांपूर्वीं तो समुद्रावर उभा राहिला होता. २५ मार्च १८०७ रोजीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें गुलामांच्या व्यापारास बंदी केली. त्या कायद्याचें मुख्य हत्यार तुरुंग नव्हतें, जप्ती होती. गुलाम नेणारें इंग्रजी जहाज सांपडलें कीं जहाज सरकारजमा, आणि प्रत्येक गुलामामागें १०० पौंड दंड. पकडलेलीं जहाजें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिएरा लिओन येथें नेत, तेथें नौकान्यायालय बसे, आणि निकाल झाल्यावर पकडणाऱ्या खलाशांना व अधिकाऱ्यांना बक्षीस मिळे: मुक्त झालेल्या पुरुषामागें ४० पौंडांपर्यंत, स्त्रीमागें ३० व मुलामागें १० पौंडांपर्यंत. आतां त्या कायद्याची भाषा पहा. जहाजावरील माणसांवर कोणा व्यापाऱ्याची मालकी उरूं नये म्हणून त्यांनाहि जहाजाबरोबर सरकारजमा ठरवावें लागलें! मग त्यांस सैन्यांत भरती करीत, किंवा चौदा वर्षांपर्यंत कोणाकडे उमेदवारीस बांधून देत. ज्यांच्यासाठीं हा सगळा खटाटोप, त्यांच्या हातीं त्या जहाजाच्या किंमतींतील एक शिलिंगहि पडावा अशी तरतूद त्यांत नव्हती.

पुढची गोष्ट याहून बोधक आहे. जप्त जहाजांचा लिलांव होई. तो कोण घेई? पुष्कळदां गुलामांचे व्यापारीच, दुसऱ्याच्या नांवावर. जहाज पुन्हां त्याच वाटेनें चालूं लागे. अखेर १८३५ सालीं स्पेनशीं झालेल्या तहांत असें ठरलें कीं अशीं जहाजें विकूं नयेत, तोडून टाकावीं. त्याच तहांत दुसरेंहि एक कलम होतें. जहाजावर गुलाम नसले, पण बेड्या असल्या, गरजेपेक्षां फार जास्त पाण्याचीं पिंपें असलीं, जादा फळ्या असल्या, शेकडों माणसांचें अन्न शिजेल एवढी कढई असली, तर तें जहाज गुलामांच्या व्यापारांतलेंच असें गृहीत धरावयाचें. आजच्या कायद्यांतील गृहीतांचा वंश असा जुना आहे.

आणि १८३३ सालीं इंग्रजी वसाहतींतील गुलामगिरीच बंद करण्याचा कायदा झाला, तेव्हां नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड देण्याचें ठरलें. ते मिळाले मालकांना. त्यासाठीं काढलेल्या कर्जाची फेड २०१५ सालीं पुरी झाली, असें ब्रिटिश खजिन्यानेंच जाहीर केलें. गुलामांना भरपाई म्हणून कांहीं मिळालें नाहीं.

या इतिहासाचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो. पूर्व आफ्रिकेच्या समुद्रांत अरबी गलबतांतून सोडविलेल्या कित्येक मुलांना आरमाराचे लोक मुंबईस आणून उतरवीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनीं नाशिकजवळ शरणपूर येथें त्यांच्यासाठीं आश्रम चालविला व त्यांना सुतारकाम, लोहारकाम व लिहिणेंवाचणें शिकविलें. डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेंत वारला, तेव्हां त्याच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेंत शिकलेला. यांतील बरींच मंडळी पुढें मोंबासाजवळच्या वसाहतींत गेली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नांवावरून तिला फ्रिअरटाउन म्हणत. या मुलांना आसरा मिळाला, विद्या मिळाली, ती दयेपोटीं. हक्क म्हणून मागावें असें त्यांचें कांहीं आहे, हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

आतां पुन्हां आपल्या देशांत व आपल्या काळांत येऊं. पैशाच्या मागें धांवणारा कायदा आपल्याकडे २००२ सालीं झाला व १ जुलै २००५ पासून अंमलांत आला. काळा पैसा पांढरा करण्यास आळा घालणारा हा कायदा सक्तवसुली संचालनालय चालवितें. तो ज्या गुन्ह्यांना लागू आहे त्यांच्या यादींत १९५६ च्या कायद्यांतील कांहीं गुन्हे आहेत. मुलीस या धंद्यासाठीं मिळविणें, तेथें कोंडून ठेवणें हे त्यांतलेच.

याची रीत अशी. अमुक मिळकत गुन्ह्याच्या पैशांतली आहे आणि ती लपविली किंवा विकली जाण्याचा संभव आहे असें मानण्यास कारण असेल, तर तें कारण लेखी नमूद करून संचालनालयाचा वरिष्ठ अधिकारी त्या मिळकतीवर १८० दिवसांपर्यंत तात्पुरती टांच आणूं शकतो. तीस दिवसांच्या आंत त्यास दिल्लीच्या न्यायनिर्णय प्राधिकरणाकडे तक्रार दाखल करावी लागते. तें प्राधिकरण मिळकतधारकास कमींत कमी तीस दिवसांची नोटीस देतें आणि पैसा कोठून आला तें विचारतें. टांच कायम झाली नाहीं तर ती गळून पडते. घर असेल, तर या तात्पुरत्या काळांत राहणाऱ्यास बाहेर काढतां येत नाहीं. मूळ मिळकत परदेशीं गेली किंवा उडवून टाकली असेल, तर तेवढ्याच किंमतीची दुसरी मिळकत धरतां येते. आणि मिळकत प्रत्यक्ष गुन्हेगाराच्या नांवावर असावी लागत नाहीं. मेहुण्याच्या नांवावरची युक्ति येथें चालत नाहीं.

हा कायदा कडक आहे, आणि त्याच्या कडकपणाचा मला सर्वस्वीं आनंद वाटतो असें नाहीं. आरोपीनें आपला पैसा निर्मळ असल्याचें दाखवावें, हें आपल्या नेहमींच्या न्यायाच्या उलट आहे. २७ जुलै २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा बहुतांशीं उचलून धरला. मात्र मूळ गुन्ह्यांतूनच मनुष्य सुटला तर त्याच्यावर या कायद्याचा खटलाहि टिकणार नाहीं, असें सांगितलें. एवढा आधार अवश्य हवा होता. काकूंसारख्या बाईनें आपल्या पतीच्या पेन्शनचे कागद घेऊन दिल्लीच्या फेऱ्या घालाव्या, असा प्रसंग कोणावर येऊं नये.

मिळकत सरकारजमा झाल्यावर तीवर ज्याचा न्याय्य हक्क आहे व ज्याचें मोजतां येण्याजोगें नुकसान झालें आहे, अशास ती परत देण्याची तरतूद या कायद्यांत आहे. २०१८ सालच्या दुरुस्तीनें खटला चालूं असतांनाहि ती देतां येते. या दाराशीं प्रथम कोण येऊन उभें राहिलें? मोठमोठ्या बँका. त्यांत गैर कांहीं नाहीं; बुडालेल्या कर्जाचा आंकडा त्यांच्या वहींत पैपर्यंत लिहिलेला असतो, आणि वकील हाताशीं असतात. मोजतां येण्याजोगें नुकसान! कोंडून ठेवलेल्या मुलीचें नुकसान कोणत्या वहींत लिहिलेलें असतें?

तशी एक वही असते, पण ती उलटी. अशा ठिकाणीं मुलीच्या नांवावर खातें ठेवण्याची चाल आहे. तिला ज्या किंमतीस घेतली ती रक्कम तिच्या नांवें कर्ज. मग तिचें जेवण, साड्या, औषध, पोलिसांना चारलेले पैसे, सगळें तिच्याच नांवें. जमेच्या बाजूस शून्य, नाहीं तर नांवाला कांहीं तरी. गणिताच्या मास्तरास यापेक्षां घाणेरडा हिशेब पाहावयास मिळणार नाहीं. तरी झडतींत ती वही सांपडली तर ती जपून ठेवावी, कारण मुलगी तेथें किती महिने होती याचा पुरावा पुष्कळदां तिच्यांतूनच मिळतो.

यापुढचें पाऊल १ जुलै २०२४ रोजीं पडलें. त्या दिवसापासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १०७ व्या कलमाची फारशी चर्चा झाली नाहीं, पण माझ्या मतें आजच्या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच आहे. तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यास एखादी मिळकत गुन्ह्यांतून आलेली वाटली, तर जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या किंवा आयुक्ताच्या संमतीनें तो न्यायालयाकडे टांचेचा अर्ज करूं शकतो. न्यायालय धारकास चौदा दिवसांची नोटीस देतें. नोटीस दिल्यानें मिळकत नाहींशी होण्याची भीति असेल तर आधीं तात्पुरता हुकूम काढतें. मिळकत गुन्ह्याचीच ठरली, तर न्यायालयानें जिल्हादंडाधिकाऱ्यास, म्हणजे आपल्या कलेक्टरास, असा हुकूम करावयाचा कीं ज्यांना या गुन्ह्याची झळ लागली त्यांच्यांत ती प्रमाणशीर वांटावी. त्याला मुदत साठ दिवसांची. हक्क सांगणारें कोणी नसेल, कोणाचा पत्ता लागत नसेल, किंवा वांटून कांहीं उरलें, तर तेवढें सरकारजमा.

हा क्रम आपण नीट ध्यानांत घ्या. १८०७ सालीं आधीं सरकार, मग खलाशी, आणि पीडितांचें नांव नाहीं. येथें आधीं पीडित, आणि उरलें तर सरकार. पीडितांना राज्याच्या निधींतून भरपाई देण्याच्या योजना २००९ च्या दुरुस्तीपासून आहेतच. परंतु तो पैसा आपल्या करांतला. ज्यानें लुटलें त्याच्याच तिजोरींतून देणें ही गोष्ट वेगळी. मला या कलमांत एक उणेपणहि दिसतो. दोष सिद्ध होईपर्यंत वांटणी थांबवावी असें त्यांत स्पष्ट म्हटलेलें नाहीं, आणि वांटल्यानंतर आरोपी निर्दोष सुटला तर काय, याचें उत्तर त्यांत मला सांपडलें नाहीं. न्यायालयें तें हळूहळू ठरवितील.

आतां 'प्रमाणशीर' म्हणजे काय? प्रमाण कशाचें, हें कायदा सांगत नाहीं. मला मात्र तो शब्द वाचतांच वर्गांतला फळा दिसला. अंकगणितांत सरकतीचीं उदाहरणें असत, आपल्यांतील वडीलधाऱ्यांना आठवतील: अ, ब व क यांनीं इतके रुपये इतके महिने धंद्यांत घातले, नफा कसा वांटावा? तीच रीत येथें लावूं. समजा, एका ठिकाणच्या धंद्याची मिळकत विकून १२ लाख रुपये आले, आणि तेथें पांच मुली अनुक्रमें ६०, ३६, २४, १८ व १२ महिने कोंडलेल्या होत्या. एकूण महिने १५०. दर महिन्यामागें ८,००० रुपये पडले. तेव्हां पहिलीस ४,८०,०००, दुसरीस २,८८,०००, तिसरीस १,९२,०००, चौथीस १,४४,००० आणि पांचवीस ९६,०००. बेरीज जुळते. परंतु पांचवी बारा वर्षांची असेल तर? तिचा महिना आणि मोठ्या बाईचा महिना सारखा मोजावयाचा काय? कोणाला रोग जडला, कोणाला मूल झालें, त्याचें काय? फळ्यावर उदाहरण सुटतें, कलेक्टरच्या टेबलावर सुटत नाहीं. तरीहि महिन्यांचें माप हें निदान सुरुवातीचें माप म्हणून घेण्यास हरकत नसावी. माप नाहीं म्हणून वांटणीच नाहीं, यापेक्षां तें बरें.

वीटभट्टीवर किंवा खाणींत राबविलेल्या मजुरांच्या बाबतींत हा हिशेब पुष्कळ सोपा आहे, कारण तेथें किमान वेतनाचा दर सरकारनेंच ठरवून दिलेला असतो. दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं किमान वेतनाहून कमी देऊन करून घेतलेलें काम घटनेच्या २३ व्या कलमाप्रमाणें सक्तीचेंच काम होय. ठाणें व रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबें उचल घेऊन भट्टीवर जातात, तें आपणांस ठाऊक आहे. माझ्या वर्गांतील अशीं मुलें दिवाळीनंतर दिसेनाशीं होत आणि मृगाच्या सुमारास परत येत. हजेरीपटावर मी निमूटपणें शून्यें मांडीत असें. १९७६ सालच्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्यानें अशीं बंधनांचीं कर्जें रद्दच केलीं आहेत, आणि रद्द झालेल्या कर्जापोटीं कोणी पैसे घेतले, तर ते न्यायालयांत भरावयास लावून मजुरास परत देण्याची सोयहि त्यांत आहे. म्हणजे पीडिताचें त्यास परत द्यावें हा विचार आपल्या कायद्यांत पन्नास वर्षांपासून आहे. तो इतर व्यापारापर्यंत यावयास वेळ लागला.

खरी अडचण वेगळीच आहे. १०७ व्या कलमांतील तो 'हक्क सांगणारें कोणी नसेल तर' हा भाग पुन्हां पहा. छाप्यानंतर मुलगी सुधारगृहांत जाते, तेथून बंगालमध्यें, कर्नाटकांत किंवा थेट नेपाळांत आपल्या गांवीं जाते. गांवांत ती हें नांव काढूं इच्छीत नाहीं. खटला चार-सहा वर्षांनीं उभा राहतो. साक्षीस बोलावलें तर ती येत नाहीं, किंवा तिला येऊं देत नाहींत. तिच्या नांवाचें बँकेचें खातें नसतें. असलें तर तें बापाच्या हातीं, आणि तिला विकण्यांत कधीं कधीं त्याचाच हात असतो. अशा स्थितींत साठ दिवसांत तिला शोधून काढावयाचें. ती न सांपडली तर पैसा सरकारजमा होईल, आणि कागदोपत्रीं सर्व कांहीं यथासांग झालेलें असेल. म्हणून माझें नम्र मत असें आहे कीं तिचा जबाब घेतला जातो त्याच वेळीं तिचा हक्काचा अर्जहि लिहून घ्यावा, आणि तो टांचेच्या कागदांबरोबर न्यायालयांत जावा. त्यास नवा कायदा नको. तपास करणाऱ्यानें एक कागद जास्त लिहिला कीं झालें.

तो कागद लिहावयास वकीलहि फुकट मिळतो. १९८७ सालच्या विधि सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणें माणसांच्या व्यापारास किंवा वेठीस बळी पडलेल्या व्यक्तीला, तिचें उत्पन्न कितीहि असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. प्रत्येक जिल्ह्यांत या प्राधिकरणाचें कार्यालय असतें, आणि जिल्हा न्यायालयांत चौकशी केली कीं तें सांपडतें. ज्यांच्या घरीं कामाला येणाऱ्या बाईची पुतणी 'नोकरीला गेली ती परत आली, पण बोलत नाहीं' असें कानावर येईल, त्यांनीं तिच्या मावशीला एवढा पत्ता सांगावा. मूल संकटांत आहे असें दिसलें तर १०९८ या क्रमांकावर केव्हांहि कळवितां येतें.

काकूंविषयीं सांगावयाचें राहिलें. त्यांनीं पेन्शनींतून थोडेथोडे बाजूला काढून सहा महिन्यांच्या भाड्याची सर्व रक्कम पुन्हां उभी केली, आणि ती कोठें भरावी म्हणून मला विचारूं लागल्या. मी दोन कचेऱ्यांत जाऊन आलों. दोन्हीकडे मला आदरानें बसविलें, आणि असे पैसे घेण्याचें खातें आमच्याकडे नाहीं म्हणून सांगितलें. सध्यां ती रक्कम पोस्टांत आहे. दरवर्षीं व्याज मांडून घेतल्यावर त्या पुस्तक मला दाखवावयास आणतात. १०७ व्या कलमाची गोष्ट मीं त्यांना गेल्या वर्षीं सांगितली, तेव्हां त्यांनीं चष्मा पुसून तें कलम स्वतः वाचलें, आणि त्या चौघी आतां कोठें असतील तें शोधतां येईल का, असें विचारलें. तो अर्ज आम्हीं विधि सेवा प्राधिकरणाकडे दिलेला आहे.